प्रत्येक फ्रेमवर तिचा नंबर

चित्रापासून व्हिडिओ बनवायचा म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे एआय येतं. आजोबांचा जुना फोटो द्यावा आणि त्यातले आजोबा मान हलवून हसायला लागावेत, असं काहीतरी. मीही चित्रांपासून व्हिडिओ बनवते, नोकरीचाच भाग म्हणून. पण त्यांची जात अगदी वेगळी. करड्या पाटीवर मधोमध पांढरा आकडा असतो. तो ० पासून सुरू होतो आणि २४९ वर थांबतो, तेवढ्यात दहा सेकंद होतात. दर सेकंदाला एकदा पडदा पांढराफटक होतो आणि त्याच क्षणी बीप वाजतं. पुण्यात आम्ही सेट-टॉप बॉक्स आणि मोबाईलसाठी व्हिडिओ प्लेअर तयार करतो. प्लेअर लिहिणारे वेगळे, तो कुठे चुकतो हे शोधणारी मी. आणि ते शोधायला मला असा व्हिडिओ लागतो, ज्यातली प्रत्येक फ्रेम कशी दिसायला हवी हे तो लावण्याआधीच मला ठाऊक असेल.

एआयचा व्हिडिओ नेमका याच कारणासाठी माझ्या कामाचा नाही. त्याच्या ११३व्या फ्रेममध्ये आजोबांची भुवई कुठे असायला हवी होती, हे कोणालाच सांगता येत नाही. दिसलं ते बरोबर की चूक, हे ठरवायला आधी उत्तर हातात हवं.

मग एखादा सिनेमा लावून का तपासत नाही, असं मला घरचेही विचारतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या चालीने सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम पडद्यावर ४० मिलिसेकंद राहते. नायक रस्त्याने चालत येतोय आणि मधली एक फ्रेम प्लेअरने गाळली, तर बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. एखाद्याला वाटतं की जरा अडखळल्यासारखं झालं. पण ‘वाटलं’ या शब्दावर दोष नोंदवता येत नाही. प्लेअर लिहिणारा विचारणारच, कुठे अडखळलं, किती वेळ, दर वेळी तिथेच का? आकड्यांच्या व्हिडिओत ११२ नंतर थेट ११४ आला की वाद संपतो. सिनेमाला परवानगीचाही प्रश्न आहे. दुसऱ्याच्या चित्रपटाचा तुकडा कापून तो कामासाठी इकडे तिकडे वाटणं योग्य नाही. ब्लेंडर फाउंडेशनने २००८ साली ‘बिग बक बनी’ हा छोटा ॲनिमेशनपट सर्वांना वापरायला मोकळा ठेवला, त्यामुळे तो जगभरच्या चाचण्यांत दिसतो. मीही तो वापरते, प्लेअर सुरू होतो का एवढंच पाहायचं असेल तेव्हा. त्याच्या कुठल्याच फ्रेमवर तिचा क्रमांक लिहिलेला नाही, म्हणून पुढच्या कामाला तो पुरत नाही.

चाचणीसाठी मुद्दाम चित्र तयार करायची रीत टीव्हीइतकीच जुनी आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि १९८२ मध्ये रंग आले. त्यानंतरच्या काळात ज्यांनी कार्यक्रम सुरू व्हायची वाट पाहिली आहे, त्यांना पडद्यावरच्या उभ्या रंगीत पट्ट्या आठवत असतील. त्या पट्ट्यांचं मूळ अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५१ साली झालेल्या कामात आहे. पुढे १९७८ मध्ये सिनेमा आणि टीव्ही अभियंत्यांच्या एसएमपीटीई या संस्थेने त्यांचं एक प्रमाणरूप ठरवलं. करडा, पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, लाल, निळा असा त्यांचा क्रम. हा क्रम सुंदर दिसावा म्हणून लावलेला नाही. डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा कमी उजळ आहे. रंग काढून टाकले तर काळ्यापांढऱ्या संचावर पायऱ्या उतरत गेल्यासारख्या दिसतील. एखादी पायरी चुकीच्या उंचीवर दिसली की बिघाड कोणत्या रंगात आहे ते कळतं.

बीबीसीचं ‘टेस्ट कार्ड एफ’ २ जुलै १९६७ रोजी पहिल्यांदा दाखवलं गेलं. त्यात एक मुलगी फळ्यावर फुली-गोळा खेळत बसलेली आहे, शेजारी कापडी विदूषक. त्या फळ्यावरची एक फुली बरोबर पडद्याच्या मध्यबिंदूवर आहे. मुलीच्या चेहऱ्यावरून त्वचेचा रंग तपासायचा, भोवतीच्या रेघांवरून चित्राची तीक्ष्णता. चित्रातली एकही गोष्ट शोभेसाठी नाही, आणि तरीही ते चित्र लोकांना प्रिय झालं. माझ्या मते चांगल्या चाचणीचित्राची हीच खूण आहे: ते कोणती चूक पकडायला बसलं आहे हे त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला विचारता यायला हवं.

माझे वडील मिरजेत टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे पॅटर्न जनरेटर नावाचा एक डबा होता. तो टीव्हीला जोडला की पडद्यावर पांढऱ्या रेघांची जाळी उमटायची. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी तीन वेगळे झोत असतात. ते एका जागी पडत नसले तर जाळीच्या पांढऱ्या रेघेच्या कडेला लाल-निळी किनार दिसते. बाबा ती किनार नाहीशी होईपर्यंत मागचे चुंबक हलवत राहायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, क्रिकेट लावून बघा ना. बाबा म्हणायचे, आधी जाळी.

आता तो डबा लागत नाही. त्याचं काम दोन फुकट प्रोग्राम करतात आणि दोन्ही टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करून चालवायचे असतात. पहिला एफएफएमपेग. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली तो सुरू केला, आणि आज व्हिडिओशी संबंध असलेल्या असंख्य वेबसाईट, ॲप आणि संपादनाच्या प्रोग्रामांच्या पोटात तो काम करत असतो. दुसरा इमेजमॅजिक, त्याची सुरुवात १९८७ मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी यांनी केली. इमेजमॅजिक चित्रं बनवतो, एफएफएमपेग त्यांची माळ करून व्हिडिओ बांधतो. माउसने चालणारे देखणे संपादन-प्रोग्राम असताना आज्ञा टाईप करत का बसायचं? कारण आज्ञा म्हणजे लिहून ठेवलेली कृती. ती मी बंगळूरच्या सहकाऱ्याला ईमेलने पाठवते आणि त्याच्या संगणकावर तीच चित्रं, तेवढ्याच फ्रेम, त्याच क्रमाने तयार होतात. ‘मी तिथे क्लिक केलं, मग ते थोडं ओढलं’ असं सांगून दुसऱ्याकडे तोच व्हिडिओ उभा करता येत नाही.

एका चित्राचा दहा सेकंदांचा व्हिडिओ करायची आज्ञा एका ओळीत मावते. आधी प्रोग्रामचं नाव. मग ‘लूप १’, म्हणजे हेच चित्र पुन्हा पुन्हा वाचत राहा. मग ‘आय’ हे अक्षर आणि त्यापुढे चित्राच्या फाईलचं नाव. मग ‘टी १०’, म्हणजे दहा सेकंदांनी थांब. हे लिहिलं नाही तर प्रोग्राम थांबतच नाही, कारण पुन्हा पुन्हा वाचायला आपणच सांगितलेलं असतं. मग व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून लहान करायचा तिचं नाव, मग पिक्सेलची मांडणी आणि शेवटी नवी फाईल. दाबायची पद्धत बहुतेक वेळा एच.२६४ असते. २००३ साली ती प्रमाण झाली आणि अजूनही जवळपास प्रत्येक फोनला समजते.

पिक्सेलची मांडणी हा भाग नवख्यांना नेहमी अडवतो. चित्राच्या फाईलमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. व्हिडिओत ते बदलून एक उजेडाचा आणि दोन रंगाचे आकडे केले जातात. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून उजेडाचा आकडा प्रत्येक पिक्सेलला ठेवतात आणि रंगाचे आकडे चार पिक्सेलांच्या चौकटीला मिळून एकदाच. एवढ्यानेच माहिती निम्मी होते. या मांडणीला वाययूव्ही ४२०पी म्हणतात. आज्ञेत ती स्पष्ट सांगितली नाही तर पीएनजी चित्रापासून एफएफएमपेग रंग पूर्ण राखणारी वेगळी मांडणी निवडतो. फाईल तयार होते, तुमच्या संगणकावर चालतेही, आणि अनेक फोन-टीव्हींवर मात्र काळा पडदा दिसतो. चार पिक्सेलांच्या चौकटीमुळेच आणखी एक अट येते: चित्राची रुंदी आणि उंची सम संख्येत हवी. ७१९ ओळींचं चित्र दिलं तर आज्ञा तिथेच नकार देते.

रंगाची ही काटकसर डोळ्यांनी पाहायची असेल तर निळ्या पाटीवर एक पिक्सेल जाडीच्या लाल रेघा काढा, त्याच चित्राचा व्हिडिओ करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. व्हिडिओतल्या रेघा फिसकटलेल्या दिसतील. लाल अक्षरांची पट्टी निळ्यावर चालवणाऱ्या बातम्यांच्या वाहिन्यांनी हा प्रयोग एकदा जरूर करावा.

आता आकड्यांची पाटी. एका छोट्या फेऱ्याच्या आज्ञेत इमेजमॅजिकला सांगायचं की ० पासून २४९ पर्यंतचा प्रत्येक आकडा करड्या पार्श्वभूमीवर मोठ्या टाइपात लिही आणि वेगळ्या फाईलमध्ये ठेव. फाईलींची नावं ०००, ००१, ००२ अशी पुढे शून्यं देऊन ठेवायची. नाहीतर नावानुसार रचना करताना १ नंतर १० येतो, मग १००, आणि २ कुठेतरी खूप मागे जातो. एफएफएमपेगला नावाचा साचा सांगितला की तो क्रमाने एकेक चित्र उचलत जातो. मधला एखादा क्रमांक फोल्डरमध्ये नसेल तर तो तिथेच थांबतो आणि तेवढाच व्हिडिओ देतो. पहिल्या चित्राचा क्रमांक ० ते ४ च्या दरम्यान नसेल, तर सुरुवात कुठून करायची तेही वेगळं सांगावं लागतं.

फ्रेमचा वेग लिहायची जागाही महत्त्वाची आहे. या प्रोग्राममध्ये फाईलच्या नावाआधी लिहिलेली गोष्ट त्या फाईलला लागू होते. चित्रांच्या आधी ‘सेकंदाला १’ असं लिहिलं तर चित्र दर सेकंदाला एक या गतीने वाचलं जातं. शेवटी, नव्या फाईलच्या आधी, ‘सेकंदाला २५’ लिहिलं तर तेच चित्र २५ वेळा उमटून नेहमीच्या चालीचा व्हिडिओ मिळतो. दुसरं लिहिलंच नाही तर खरोखरच सेकंदाला एका फ्रेमचा व्हिडिओ तयार होतो, आणि त्यावर काही प्लेअर बिथरतात. मला कधीकधी तोच हवा असतो, तो भाग वेगळा. चित्रांना वेगवेगळा वेळ द्यायचा असेल तर नावं आणि सेकंद लिहिलेली एक यादी देता येते. त्या यादीत शेवटचं चित्र दोनदा लिहावं लागतं, नाहीतर त्याला दिलेला वेळ धरला जात नाही. एफएफएमपेगकडे स्वतःची तयार चाचणीचित्रंही आहेत: एसएमपीटीईच्या पट्ट्या, पळणारं घड्याळ, मँडेलब्रॉटची आकृती. चित्राची फाईल नसतानाही ती मिळतात. तरी मी पाट्या वेगळ्या करून ठेवते, कारण २५० पैकी कोणतीही पाटी उघडून ‘हे असं दिसायला हवं होतं’ म्हणून समोरच्याला दाखवता येते.

एकेक चित्र जोडून हालचाल उभी करायचं हे काम आपल्याकडे फार आधी झालेलं आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवं होतं, आणि हा माणूस हलती चित्रं काढू शकतो यावर सावकाराचा विश्वास बसायला हवा होता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत रोपाची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटी फिल्म. पुढे त्यांनी आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. मला ‘अंकुराची वाढ’ ही शुद्ध चाचणी-फिल्म वाटते. वाटाणा कसा उगवतो हे पाहणाऱ्याला आधीच माहीत होतं, म्हणून तर कॅमेऱ्याने ते खरोखर टिपलं हे त्याला पटलं.

पाट्यांच्या व्हिडिओला एक मर्यादा आहे: तो प्लेअरला फार सोपा जातो. पूर्ण एचडी फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त पिक्सेल असतात. दाबण्याआधी एका फ्रेमला ६२ लाख बाइट लागतात, सेकंदाला साडेपंधरा कोटी. एच.२६४ हे चित्र १६ बाय १६ पिक्सेलांच्या ८,१६० ठोकळ्यांत पाहतो. आधीच्या फ्रेमपेक्षा ठोकळा बदललेला नसेल तर ‘तेच ठेव’ एवढीच नोंद होते. करड्या पाटीत मधला आकडा सोडून सगळे ठोकळे तेच राहतात, त्यामुळे फाईल इवलीशी होते आणि स्वस्तातल्या स्वस्त सेट-टॉप बॉक्सलाही घाम फुटत नाही. म्हणून त्याला त्रास देणारी चित्रं निवडावी लागतात, आणि कामाचा मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

माझ्या संग्रहात आईच्या इरकलीच्या बारीक चौकटींचा फोटो आहे. १०८० ओळींचं चित्र ४८० ओळींत बसवताना प्लेअरने आळस केला तर त्या चौकटींवर मूळ कापडात नसलेल्या लाटा दिसू लागतात. पन्हाळ्यावरून काढलेलं पावसाळी गवत आहे. ते चित्र झूमपॅन नावाच्या सोयीने हळूहळू सरकवलं की प्रत्येक ठोकळा दर फ्रेमला बदलतो आणि फाईल फुगते. (झूमपॅन पूर्ण पिक्सेलांतच सरकतो, त्यामुळे मंद गतीत चित्र थरथरतं, आधी चित्र कितीतरी पट मोठं करून घेतलं तर ती थरथर जाते.) सूर्यास्तानंतरचं निरभ्र आकाश आहे. नेहमीच्या व्हिडिओत उजेडाला १६ ते २३५ एवढ्याच, म्हणजे २२० पायऱ्या मिळतात. आकाशाची सावकाश उतरत जाणारी छटा १९२० पिक्सेलांवर पसरली की एकेक पायरी आठ-नऊ पिक्सेल रुंद होते आणि सपाट पट्टे डोळ्यांना जाणवतात. आणि निव्वळ ठिपक्यांचा गोंगाट आहे, ज्यात कुठलाच ठोकळा आधीसारखा नसतो. तो लावला की कमजोर प्लेअर लगेच फ्रेम गाळायला लागतो.

चाचणीचित्र निवडताना ते कोणाचं आहे याचाही विचार हवा. प्रतिमा-संशोधनात ‘लेना’ नावाचं चित्र अनेक दशकं वापरलं गेलं. १९७३ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात कोणीतरी ‘प्लेबॉय’ मासिकाच्या पानावरून ते स्कॅन केलं आणि ते पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचलं. अखेर आयट्रिपलई कॉम्प्युटर सोसायटीने एप्रिल २०२४ पासून ते चित्र असलेले शोधनिबंध घेणं बंद केलं. अभियांत्रिकीच्या वर्गात पहिल्या दिवशी मुलींच्या समोर काय ठेवलं जातं, याला महत्त्व आहे. गवत, कापड, आकाश यांनी तेवढंच काम होतं.

फ्रेमवर नंबर असण्याचा सर्वांत मोठा फायदा व्हिडिओ पुढे ढकलताना होतो. दाबलेल्या व्हिडिओत थोड्याच फ्रेम स्वतःपुरत्या पूर्ण असतात. बाकीच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक सांगतात. एफएफएमपेगमध्ये एच.२६४ साठी वापरला जाणारा एक्स२६४ हा भाग काही वेगळं सांगितलं नाही तर दोन पूर्ण फ्रेममध्ये २५० पर्यंत अंतर सोडतो. म्हणजे माझ्या दहा सेकंदांच्या व्हिडिओत पूर्ण फ्रेम एकच, पहिली. आता प्लेअरला सातव्या सेकंदावर जायला सांगितलं तर पडद्यावर १७५ दिसायला हवा. घाईत असलेला प्लेअर जवळची पूर्ण फ्रेम दाखवून मोकळा होतो आणि आपल्याला ० दिसतो. एखादा १७४ दाखवतो. त्याच्या गणनेत एका फ्रेमची गफलत आहे. सिनेमात या दोन्ही चुका ‘साधारण तिथेच आलं’ म्हणून खपल्या असत्या.

रंगाची एक चूक तर बिनबोभाट वर्षानुवर्षं चालू राहते. लाल-हिरवा-निळा यांचे उजेड आणि रंग करायची दोन सूत्रं आहेत, जुन्या टीव्हीचं बीटी.६०१ आणि एचडीचं बीटी.७०९. चित्रापासून व्हिडिओ करताना एफएफएमपेगला वेगळं सांगितलं नाही तर तो जुनं सूत्र वापरतो. प्लेअर १०८० ओळी बघतो, हा एचडी असणार म्हणतो आणि नव्या सूत्राने उलटं गणित करतो. तेव्हा २५५, ०, ० असा शुद्ध लाल साधारण २५५, २५, ० होऊन शेंदरीकडे झुकतो, आणि शुद्ध हिरवा २५५ वरून २१५ च्या आसपास उतरून मंद होतो. माणसाच्या चेहऱ्यावर हा फरक कळणं कठीण. एकसंध लाल पाटीवर पिक्सेलचा आकडा वाचला की लगेच कळतो. उपाय दोन टप्प्यांत करायचा असतो: नवीन सूत्र वापरायला सांगायचं आणि ते वापरलं आहे अशी चिठ्ठीही फाईलमध्ये लिहायला सांगायचं. अर्धा केला तर चूक फक्त जागा बदलते.

बीप आणि पांढरी पाटी यांचं काम आवाजाचा मेळ पाहणं. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर २५ फ्रेमच्या चालीत एका फ्रेमच्या वाट्याला बरोबर १,९२० नमुने येतात. तेवढ्याच लांबीचं बीप पांढऱ्या पाटीखाली ठेवायचं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांना कळतं, पण मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. याचं कारण आपण निसर्गात राहतो हे आहे. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. उलटं कधीच घडत नाही. म्हणून आवाज उशिरा येणाऱ्या प्लेअरपेक्षा आवाज आधी येणारा प्लेअर मी जास्त गंभीर मानते, आणि अहवालात तसं लिहिते.

माणसाने आकडे वाचत बसणं दीर्घकाळ शक्य नसतं. म्हणून पाटीच्या खालच्या कडेला मी काळ्यापांढऱ्या चौकोनांची एक ओळ काढते. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०. सोळा चौकोनांत ६५,५३६ वेगवेगळ्या फ्रेम सांगता येतात, २५ च्या चालीने सुमारे पाऊण तास. टीव्हीसमोर सेकंदाला जास्त फ्रेम टिपणारा कॅमेरा लावून ठेवायचा आणि तो ओळ वाचत राहतो. याच रीतीने ६० हर्ट्झच्या फोनवरची लय उघडी पडते. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, फ्रेम २५. म्हणून दर पाच फ्रेमपैकी तीन फ्रेम दोनदा आणि दोन फ्रेम तीनदा राहतात. आडवी सरकणारी उभी पट्टी त्यावर लावली तर ही हिसक्यांची चाल नुसत्या डोळ्यांनाही दिसते. पडद्याच्या आत शिरून तपासायचं असेल तर एफएफएमपेग प्रत्येक उलगडलेल्या फ्रेमचा ठसा आकड्यांत काढून देतो. एच.२६४ चं प्रमाण इतकं काटेकोर आहे की ते पाळणाऱ्या कोणत्याही दोन प्लेअरनी एकाच फाईलमधून बिटन् बिट सारखीच फ्रेम काढली पाहिजे. त्यामुळे ठसे जुळले नाहीत तर ‘आमच्या चिपवर असंच येतं’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

शेवटची पाटी मराठीची. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम होतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाईप होते पण आधी दिसते, आणि जोडाक्षरांचा आकारच बदलतो. एफएफएमपेगची व्हिडिओवर अक्षरं लिहायची सोय जुन्या आवृत्त्यांत अक्षरं नुसती ओळीने मांडायची. वेलांटी मागे लटकायची, जोडाक्षरं हलन्त चिन्हांसह तुटलेली दिसायची. आता त्या सोयीत हार्फबझ नावाचं अक्षरं जुळवणारं साधन घातलेलं आहे, आणि उपशीर्षकं उमटवणाऱ्या लिबॅसमध्येही ते आहे. पण टीव्हीत बसलेले सगळेच प्लेअर ते वापरतात असं नाही. हे शोधायला मी एकच मजकूर दोनदा दाखवते. वरच्या ओळीत तो चित्राचाच भाग म्हणून, मी डोळ्यांनी तपासून घेतलेला. खालच्या ओळीत उपशीर्षक म्हणून, प्लेअरने स्वतः काढायचा. दोन ओळी सारख्या दिसल्या पाहिजेत. शब्द असे घेतले आहेत: विठ्ठल, क्षितिज, ज्ञानेश्वर, कृष्णा, शृंगार, आणि शेजारी शेजारी दर्या व दऱ्या. बहुतेक प्लेअर पहिले पाच पार करतात. शेवटच्या जोडीतला दुसरा शब्द अनेक ठिकाणी तुटतो, कारण डोळ्याच्या पापणीसारखा तो अर्धा र हिंदीला लागत नाही आणि देवनागरी तपासताना बहुतेक जण हिंदीच तपासतात. तो तुटला की मी पाटीचा क्रमांक, प्लेअरची आवृत्ती आणि पाटी तयार करायची आज्ञा अशा तिन्ही गोष्टी दोषनोंदीला जोडते. ती आज्ञा चालवली की प्लेअर लिहिणाऱ्याच्या टेबलावर तीच पाटी तयार होते, आणि तुटलेला दऱ्या त्याला स्वतःच्या पडद्यावर दिसतो.